राजाची दोरी आणि मजुराची विजार : ‘कॉर्डरॉय’च्या निमित्ताने पुरुषवेषाच्या वाचनाचा विचार

‘कॉर्डरॉय’ या कापडाविषयी कोठेही दोन ओळी लिहिल्या जातात, तेव्हा त्यांतील पहिली ओळ बहुधा राजासाठी राखून ठेवलेली असते. ‘कॉर्द द्यु रुआ’, म्हणजे राजाची दोरी, या फ्रेंच शब्दसमूहावरून हे नाव सिद्ध झाले. फ्रान्सच्या राजाचे शिकारखान्यातील सेवक या कापडाचे पोषाख वापरीत. तेथून ते इंग्लंडात आले आणि पुढे जगभर पसरले, अशी ही कथा आहे. ती दुकानदार सांगतो, आणि ज्यांनी शब्दांच्या बाबतीत अधिक सावध असावयास हवे असे लेखकही सांगतात. ही कथा खोटी आहे एवढेच दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू नाही. ते काम इंग्रजी कोशकारांनी केव्हाच करून ठेवले आहे. कथा खोटी ठरल्यावरही ती आपणांस खरी का वाटत राहते, आणि ती खरी मानल्यामुळे आपल्या वाङ्मयीन वाचनात व भाषांतरात कोणता दोष शिरतो, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. फ्रेंच भाषेत या कापडाला ‘कॉर्द द्यु रुआ’ असे कोणी म्हणत नाही आणि पूर्वी म्हणत असल्याचा पुरावा सापडत नाही. फ्रेंच माणूस त्यास ‘व्हलूर कोतले’, म्हणजे बरगड्या असलेली मखमल, असे म्हणतो. उलट फ्रान्समधील सान्स या गावी १८०७ साली तयार होणाऱ्या मालाच्या एका यादीत ‘किंग्ज-कॉर्ड’ असे इंग्रजी नावच फ्रेंच वळणाने लिहिलेले आढळते. ज्या देशाने नाव दिले त्याच देशाने ते पुन्हा दुसऱ्याकडून उसने घ्यावे, हे संभवनीय नाही. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. त्यापूर्वीपासून ‘ड्युरॉय’ नावाचे एक जाडेभरडे लोकरी कापड इंग्लंडच्या पश्चिम भागात विणले जात असे. ‘कॉर्ड’ आणि ‘ड्युरॉय’ यांच्या जोडीने नवे नाव घडले असावे, हा तर्क राजाच्या तर्काहून पुष्कळच साधा आहे, आणि व्युत्पत्तिशास्त्रात साधेपणा हा एक गुण मानला जातो. जर्मन, डच व स्वीडिश लोकांनी तर याहून सरळ मार्ग पत्करला. कापड ज्या शहरातून येई त्या शहराचेच नाव त्यांनी कापडास दिले, आणि तेथे ते ‘मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

नादसाम्य हा पुरावा नव्हे, हे पदव्युत्तर वर्गात आपण पुनःपुन्हा सांगतो. त्याचे एक उदाहरण आपल्या घरचेच घेता येईल. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे नाव जरा जलद उच्चारून पाहावे. बार्शी लाइट रेल्वेच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कॉर्डरॉयच्या विजारींवरून या गावास हे नाव पडले, असा सिद्धान्त उद्या एखाद्या चतुर गृहस्थाने मांडला, तर त्याच्यापाशी असणारा पुरावा राजाच्या दोरीमागील पुराव्याहून कमी असणार नाही. किंबहुना रेल्वे होती आणि गोरे अधिकारीही होते, एवढी त्याची बाजू अधिकच बळकट राहील. परंतु आपण हा सिद्धान्त हसण्यावारी नेतो. कारण शेजारीच कुर्डू नावाचे गाव आहे, त्याची वाडी ती कुर्डुवाडी, हे आपणांस माहीत असते. कुर्डू नावाची रानभाजी पावसाळ्यात शेताच्या बांधावर आपण पाहिलेली असते. आणि रेल्वेच्या दप्तरात या स्थानकाचे नाव आरंभी ‘बार्शी रोड’ असे होते, हेही जाणकारांना ठाऊक असते. म्हणजे एका बाबतीत आपण नादाला भुलत नाही आणि दुसऱ्या बाबतीत भुलतो. हा फरक केवळ माहितीचा नाही. कुर्डुवाडीस विजारीवरून नाव पडले म्हटल्याने कोणाचीच प्रतिष्ठा वाढत नाही. कॉर्डरॉयला राजा मिळाला की ते विकणाऱ्याची, शिवणाऱ्याची व घालणाऱ्याची, अशी तिघांचीही प्रतिष्ठा वाढते. येथे व्युत्पत्ती ही वंशावळ झालेली आहे. आपल्याकडे ज्या रीतीने जातिपुराणे रचली गेली आणि प्रत्येक व्यवसायास एखादा ऋषी वा राजा मूळपुरुष म्हणून लाभला, त्याच रीतीने या कापडासही एक राजा लाभला आहे.

आता कापडाकडे पाहू, कारण वाङ्मयाच्या अभ्यासकांत कापडाकडे न पाहताच कापडाविषयी बोलण्याची रीत फार आहे. कॉर्डरॉय हे सुती कापड आहे आणि ते ‘फस्टिअन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाड कापडांच्या कुळातील आहे. त्यात बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत दोन प्रकारचे काम करते. काही बाणा ताण्यात नेहमीप्रमाणे गुंतून पायाचे कापड तयार करतो; उरलेला बाणा अनेक ताण्यांवरून मोकळा उडत जातो आणि ठराविक ठिकाणीच खाली बांधला जातो. ही बांधणीची ठिकाणे एकाखाली एक, लांबीच्या दिशेने सरळ रांगेत येतात. विणून झाल्यावर कापड ताणून धरतात आणि त्या मोकळ्या सुतांच्या खालून, एकेका बोळातून, लांब बारीक सुरी सरकवीत नेऊन ती सुते कापतात. कापलेली टोके उभी राहतात, घासून फुलविली जातात, आणि त्यांच्या लांबवर जाणाऱ्या सऱ्या तयार होतात. बांधणीची ठिकाणे रांगेत न ठेवता विखरून ठेवली, तर सऱ्या पडत नाहीत. सबंध पृष्ठभागावर सारखी लव येते, आणि त्या कापडास ‘व्हेल्व्हेटीन’ म्हणतात. दोघे सख्खे भाऊ आहेत. खरी मखमल यांहून वेगळी. तिची लव ताण्याच्या सुताची असते आणि तिचे मूळ द्रव्य रेशीम होते. हा भेद केवळ विणकरांच्या उपयोगाचा आहे असे समजू नये. पुढे भाषांतराचा विचार करताना त्याची गरज लागणार आहे.

सुरी चालविण्याचे हे काम लँकेशायर, चेशायर व यॉर्कशायर या परगण्यांत दीर्घकाळ हातांनी होत असे. कापणारा माणूस, आणि पुष्कळदा कापणारी मुले, ताणलेल्या कापडाच्या बाजूने दिवसभर येरझारा घालीत. प्रत्येक सरीसाठी एक खेप. सुरी किंचित वाकडी गेली तर पायाचे कापड फाटे. यॉर्कशायरमधील हेब्डन ब्रिज हे गाव या धंद्यावर इतके वाढले, की त्यास विजारींचे गाव असे टोपणनाव पडले. सऱ्यांची संख्या इंचावर मोजतात. साधारण कापडात ती अकराच्या आसपास असते. सोळा व त्याहून अधिक असली की कापड बारीक समजले जाते, आणि इंचास तीनचारच सऱ्या असलेले रुंद कापड गाद्यांच्या खोळींना व भरभक्कम विजारींना वापरतात. आपल्याकडील शेतकऱ्यास हे रूप समजावून सांगण्यास चित्राची जरूर नाही. सरी आणि वरंबा म्हटले की काम झाले.

हे कापड ज्यांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतले ते राजाचे सेवक नव्हते. इंग्लंडात रेल्वेचे रूळ टाकणारे, कालवे खणणारे, शेतावरचे गडी, शिकाररक्षक आणि सुतार यांचे ते कापड होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील अनेक रेल्वे कंपन्या आपल्या हमालांना कॉर्डरॉयचे गणवेश देत. फ्रान्समधील सुतारांच्या संघांची रुंद विजार कॉर्डरॉयची असे. जर्मनीत गावोगाव फिरून काम करणाऱ्या कारागिरांच्या पारंपरिक वेषात आजही तीच दिसते. फस्टिअन हा शब्द तर राजकीयच झाला होता. सनदवादी चळवळीचा पुढारी फर्गस ओकॉनर आपल्या अनुयायांना फस्टिअनचे जाकीट घालणारे म्हणून संबोधीत असे, आणि १८४१ साली यॉर्कच्या तुरुंगातून सुटताना तो स्वतः फस्टिअनचा पोषाख करून बाहेर पडला. त्या दिवशी त्याने भाषण केले नसते तरी चालले असते. आपल्याकडे १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले, ही घटना सर्वज्ञात आहे. दोन्ही ठिकाणी वस्त्र हेच विधान आहे, आणि दोन्ही ठिकाणी ते विधान कळण्यासाठी पाहणाऱ्यास कापडाची सामाजिक जागा ठाऊक असावी लागते.

असे हे मजुराचे कापड दख्खनेत मजुराचे का झाले नाही? हा प्रश्न विचारण्यास कुर्डुवाडीइतके योग्य स्थळ क्वचित सापडेल. लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली येथून बार्शीस जाऊ लागली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता तिचा कर्ता. अडीच फुटी मापाचा हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोचला. १९५४ साली तो सरकारने ताब्यात घेतला, आणि या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने त्याचे रुंद मापात रूपांतर झाले. कुर्डुवाडीस या रेल्वेचा कारखाना उभा राहिला. इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीकडून आली. म्हणजे इंग्लंडच्या औद्योगिक उत्तर भागातून रूळ, इंजिने, मापे, आणि ‘फिटर’, ‘पॉइंट्समन’, ‘गँगमन’ ही कामांची नावेसुद्धा माढे तालुक्यात येऊन दाखल झाली. लीड्सच्या कामगाराची विजार मात्र आली नाही.

याचे उत्तर हवामान हे आहे, असे कोणीही लगेच सांगेल. कॉर्डरॉयच्या सऱ्यांत हवा अडकते व ते ऊब धरते. सोलापूर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. तेथे हे कापड कोण घालील? हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. याच उन्हात मामलेदार कचेरीतील कारकून अल्पाकाचा कोट घालून बसत होता, वकील काळ्या लोकरी कोटात घामाघूम होत होता, आणि त्याही आधी सकलाद व बनात ही जाड लोकरी कापडे मराठी दरबारांत मानाची समजली जात होती. इंग्रजी अमदानीपूर्वीच्या कागदपत्रांत ती ठिकठिकाणी भेटतात. तेव्हा दख्खनेतील माणूस उष्ण कापड घालीत नाही असे नसून, प्रतिष्ठेसाठी तो उष्णता सोसतो आणि कामासाठी सोसत नाही, असे म्हणावे लागते. इंग्लंडातील मजुरास जाड कापड हवे होते ते थंडीसाठी व टिकाऊपणासाठी. येथील मजुरास थंडीचे भय नव्हते, टिकाऊपणासाठी मांजरपाट व ड्रिल पुरेसे होते, आणि आयात केलेल्या जाड कापडाची किंमत त्याच्या आवाक्यात नव्हती. ज्या मालाचे मूळ स्वस्ताईत होते तो समुद्र ओलांडताच महाग झाला. येथे त्याचे दर्शन झाले ते घोड्यावर मांड टाकणाऱ्या साहेबाच्या पायांवर. राजाच्या दोरीची कथा आपल्याला पटण्याजोगी वाटली याचे कारण, माझ्या मते, येथेच आहे. आपण या कापडाचा मजूर पाहिलाच नव्हता. आपण त्याचा साहेब पाहिला होता.

या देवघेवीची दुसरी बाजू अधिक मौजेची आहे. ‘डंगरी’ हा शब्द आज कारखान्यातील कामगाराच्या एकसंध पोषाखास लावतात, आणि पुष्कळांना तो इंग्रजीतून आला असे वाटते. इंग्रजीतून तो आला हे खरे. पण इंग्रजीत तो गेला होता येथूनच. डुंगरी या नावाचे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत आढळते. मुंबईच्या डोंगरीशी त्याचा संबंध सांगतात. हे कापड खलाशांच्या विजारींना लागले, पुढे पोषाखाचे नाव झाले, आणि तेथून यंत्रांबरोबर परत आले. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील गरिबाचे कापड इंग्रज कामकऱ्याचा पोषाख होऊन येथे परतले व कामकऱ्याचाच पोषाख राहिले. इंग्रज कामकऱ्याचे कॉर्डरॉय मात्र येथे येताना पांढरपेशे झाले. वसाहतीच्या व्यापारात वस्तू प्रवास करतात तेव्हा त्यांचे वर्ग त्यांच्याबरोबर येतातच असे नाही, आणि सर्व दिशांनी सारखे बदलतात असेही नाही.

येथे मराठी भाषेच्या एका विशेषाकडे लक्ष वेधावयाचे आहे. स्त्रीच्या वस्त्राची मराठी नावे बहुतांशी कापडाची वा गावाची नावे आहेत. पैठणी, इरकल, चंद्रकळा, खण: नाव घेतले की सूत, काठ, रंग, कधी गाव, आणि घालणारीची परिस्थिती हे सर्व एकदम सांगितले जाते. पुरुषाच्या वस्त्राची नावे याउलट आकाराची नावे आहेत. सदरा, कोट, विजार, बंडी, डगला यांतून कापड कळत नाही. धोतर हा अपवाद. तेथे नागपुरी, रेशीमकाठी अशी विशेषणे टिकून राहिली. याचा अर्थ असा, की नेसण्याच्या वस्त्रात कापड म्हणजेच वस्त्र असल्यामुळे भाषा त्याची आठवण ठेवते. शिवलेल्या वस्त्रात शिंप्याची कात्री मध्ये येते आणि भाषा आकार धरून कापड सोडून देते. पुरुष नेसण्याकडून शिवण्याकडे वळला, तसतसे त्याच्या अंगावरचे कापड गद्यातून दिसेनासे झाले. ते परत येते ते दोनच प्रसंगी: कापड फार हलके असले तर, किंवा फार नवे असले तर. मांजरपाटाचा सदरा, हरकाची बंडी. उलट टेरिलिनचा बुशशर्ट, टेरिकॉटची पँट. खादी हा तिसरा प्रसंग, पण तो मताचा आहे. मधल्या सगळ्या पुरुषांच्या अंगावर आपल्या कथा-कादंबऱ्यांत नुसता ‘शर्ट’ आणि नुसती ‘पँट’ असते.

ही तक्रार सर्व लेखकांविषयी करता येणार नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत शिंप्याचे घरच केंद्रस्थानी असल्याने कापड हे तेथे शोभेचे वर्णन न राहता पोटाचा प्रश्न होते. पु. ल. देशपांडे यांचा नामू परीट गिऱ्हाइकांचे कपडे घालून हिंडतो. तेथील विनोद कापडाचा नसून मालकीचा आहे, आणि म्हणूनच तो वरवरचा नाही. दलित आत्मकथनांनी तर वस्त्राविषयीचा प्रश्नच बदलून टाकला. कापड कोणते, यापेक्षा ते कोणाच्या अंगावरून उतरले आणि कोणत्या अटीवर मिळाले, हे तेथे महत्त्वाचे ठरते. परंतु टीकेने या सामग्रीचे काय केले? नायकाच्या मनाचे पदर उलगडण्यात आपली टीका इतकी गुंतली, की त्याच्या अंगावरच्या सदऱ्याचे पदर तिने पाहिलेच नाहीत. वास्तववादाविषयी आपण शेकडो पाने लिहिली. त्यांत वस्तू किती आहेत ते मोजून पाहावे.

वेशभूषेच्या स्वतंत्र अभ्यासाकडून येथे मदत मिळावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. डॉ. मोतीचंद्र यांचा ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ (१९५०) हा हिंदी ग्रंथ आणि डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेषावरील इंग्रजी ग्रंथ (१९५१) ही या क्षेत्रातील पायाभूत कामे होत, आणि त्यांच्या विद्वत्तेविषयी दुमत संभवत नाही. तथापि त्यांच्या पद्धतीची एक मर्यादा स्पष्ट सांगावयास हवी. अशा अभ्यासाचा मुख्य आधार शिल्प आणि चित्र हा असतो. दगडात नेसण्याची तऱ्हा दिसते, चुण्या दिसतात, लांबी दिसते. सूत दिसत नाही. त्यामुळे वेषाचा इतिहास हा आकारांचा इतिहास झाला, आणि शिवलेले-न शिवलेले हा भेद त्याचा कणा बनला. प्राचीन काळापुरते हे अपरिहार्य होते. परंतु तीच पद्धती जेव्हा एकोणिसाव्या व विसाव्या शतकांच्या वेषाला लावली जाते, तेव्हा ज्या काळात कापडांची नावे, आयातीच्या याद्या, गिरण्यांचे नमुने आणि शिंप्यांच्या वह्या उपलब्ध होत्या, त्या काळातही आपण दगडाकडे पाहत असल्यासारखे पाहतो. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली आणि तिला लोक पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. तिच्या सुताची व कापडाची भाषा कोणत्या कादंबरीत, कोणत्या कोशात उतरली, हे शोधण्याचे काम वेषाच्या इतिहासकाराने वाङ्मयाच्या अभ्यासकावर सोपवले, आणि त्याने ते परत इतिहासकारावर. वेळोवेळी विभागांतून असे आक्षेप ऐकू येतात, की हा विषय कापड-तंत्राचा आहे, साहित्याचा नव्हे. रसचर्चेत ज्यांना कस्तुरी व केशर यांचे प्रकार माहीत असणे आवश्यक वाटते त्यांनी हा आक्षेप घेऊ नये.

कॉर्डरॉय मराठी तरुणाच्या अंगावर मोठ्या प्रमाणात आले ते १९६० नंतर, आणि विशेषतः सत्तरीच्या दशकात, रुंद पायघोळ विजारींबरोबर. पश्चिमेत त्याच सुमारास या कापडाचा एक वेगळाच अर्थ रूढ झालेला होता. तेथील चित्रकार, प्राध्यापक आणि डाव्या विचारांचे विद्यार्थी हे कापड मुद्दाम घालीत, कारण ते मजुराचे होते. त्यात आपल्या वर्गाशी फारकत घेतल्याची खूण होती, मग ती कितीही स्वस्तातली असो. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत हे कापड आले तेव्हा ती खूण वाटेतच गळून पडली होती. येथे ते परदेशी होते, महाग होते आणि हिवाळ्याचे होते. ते घालून कोणी कामगाराशी नाते सांगितले नाही. सांगितले असते तरी कामगारास ते कळले नसते. त्यामुळे एखाद्या इंग्रजी कादंबरीतील कॉर्डरॉय घातलेला प्राध्यापक आणि मराठी कथेतील कॉर्डरॉय घातलेला प्राध्यापक हे दोघे एकच वस्त्र घालून परस्परविरुद्ध गोष्टी सांगत असतात. तौलनिक अभ्यास करणाऱ्याने हे ध्यानात न घेतल्यास त्याची तुलना चुकते.

कापडाचा आणखी एक गुण टीकाकाराच्या उपयोगाचा आहे. कॉर्डरॉयची लव एकाच दिशेने झुकते. एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. आणि प्रकाशात दोन्ही बाजूंचा रंग वेगळा भासतो. म्हणून विजारीचे सगळे तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात, एक तुकडा उलटा लागला तर एक पाय फिका व एक पाय गडद दिसतो. बेतताना तुकडे उलटसुलट बसवून कापड वाचविण्याची जी हातोटी शिंपी आयुष्यभर कमावतो, ती येथे चालत नाही. कापड अधिक लागते. इस्त्री दाबून फिरवली तर सऱ्या मरतात. आणि वापरता वापरता गुडघे, मांड्या व बसण्याची जागा येथील लव झडून खालचे कापड उघडे पडते. ज्याने गुडघ्यावर बसून काम केले त्याची विजार गुडघ्यावर टकली होते. जो खुर्चीत बसला त्याची मागे. इतक्या स्पष्टपणे धन्याचा व्यवसाय सांगणारे दुसरे कापड मला माहीत नाही. ओळींच्या आधाराने पात्राचा वर्ग ठरविणाऱ्या समीक्षकास अशी साक्ष आयती मिळत असताना तिच्याकडे पाठ फिरविणे परवडण्यासारखे नाही.

आता भाषांतराकडे वळू, कारण प्रत्यक्ष नुकसान तेथे होते. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये (१८३७-३९) खिसेकापू पोरगा डॉजर कॉर्डरॉयच्या विजारीच्या खिशांत हात घालून उभा राहतो, आणि घरफोड्या बिल साइक्स काळ्या व्हेल्व्हेटीनच्या कोटात प्रवेश करतो. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’मध्ये (१९२८) शिकाररक्षक मेलर्स प्रथम दिसतो तो गडद हिरव्या व्हेल्व्हेटीनमध्ये. तिन्ही ठिकाणी इंग्रज वाचकास वर्ग कळतो, आणि तो नाव वाचताक्षणी कळतो. मराठी भाषांतरकारापुढे आयता शब्द असतो ‘मखमल’. तो वापरला की साइक्स दरबारी होतो आणि मेलर्स सरदार. आपल्या भाषेत मखमलीचे साहचर्य सिंहासनाशी, तक्क्यांशी, दागिन्यांच्या डब्यांशी आणि नाटकाच्या पडद्याशी आहे. ‘मखमली’ हे विशेषण तर आवाजासही लागते. लेडी चॅटर्लीच्या कथेचा सगळा ताण दोन वर्गांमधील अंतरात आहे. ते अंतर दुसऱ्या वाक्यातच एका विशेषणाने बुजविले जाते. राजाच्या दोरीची कथा मनात घट्ट बसलेली असली, तर भाषांतरकारास आपण काही चुकलो असा संशयही येत नाही. कथेचा आणि भाषांतराचा संबंध तो हा.

मग करावे काय? ‘सरीदार मखमल’ असा शब्द घडविता येईल. तो दिसण्याच्या दृष्टीने बरोबर आणि वर्गाच्या दृष्टीने चूक आहे. ‘जाडेभरडे सुती कापड’ म्हणावे, तर वर्ग साधतो पण लव व सऱ्या जातात, आणि डॉजर मांजरपाटात दिसू लागतो. लवीच्या कापडाचे ज्ञान सोलापुरास नाही असे नाही. तेथील टॉवेल लवीचाच असतो, फरक एवढाच की त्यातील सूत ताण्याचे असते आणि त्याचे वळसे न कापता तसेच ठेवलेले असतात. परंतु त्या लवीचे नाते न्हाणीघराशी जडलेले असल्यामुळे तिचा शब्द विजारीस उपयोगी पडत नाही. माझ्या मते ‘कॉर्डरॉय’ हा शब्द तसाच ठेवावा. तो आता मराठीत रुळलेला आहे, आणि ‘कोट’, ‘बूट’ यांना जो न्याय दिला तो त्यास नाकारण्याचे कारण नाही. ‘व्हेल्व्हेटीन’ तितका रुळलेला नाही. तेथे ‘सुती’ हे विशेषण जोडून ‘सुती मखमल’ म्हणावे आणि मागेपुढे एखादा शब्द असा घालावा की कापडाची जागा कळेल. डिकन्सने ती सोय स्वतःच करून ठेवली आहे. साइक्सची तुमान मळकी आहे, हे तो लगेच पुढे सांगतो. भाषांतरकाराने तो मळ धुवून टाकू नये, एवढे केले तरी पुरे. डॉजरच्या बाबतीत एका विशेषणाची भर घालण्यास मी अनुमती देईन, मूळ संहितेत ते नसले तरी: गुडघ्यावर लव उडालेली.